गिरजाक्काची मूठ

बोरी गावात आमच्या गल्लीतून रोज संध्याकाळी एक बाई डाव्या हाताची मूठ गच्च मिटून घरी जाते. उजव्या हातात काठी. वाटेत कुणी गरम भजं देऊ केलं तरी मूठ उघडत नाही, सरळ तोंड पुढे करते. घरी पोचून ताटावर बसली की मगच ती मूठ सुटते. तिला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. त्या मुठीत माझ्या आईने तिच्या तळहातावर लिहिलेला त्या दिवसाचा शेवटचा शब्द असतो. तो वाटेत सांडू नये म्हणून ही काळजी.

माझ्या आईने. हे मुद्दाम सांगते, कारण आई नक्की कुणाची याबद्दल गावात संभ्रम आहे.

गिरजाक्का मेंढरं राखणाऱ्या घरातली. शाळेत नाव घालायच्या वयात तिला ताप आला आणि डोळे, कान दोन्ही घेऊन गेला. बोलणं तेवढं उरलं, तेही विसरत चाललेलं. आई तेव्हा गावच्या शाळेत नवीन बाई म्हणून आली होती. शाळेत न येणारी पोरं शोधत ती यांच्या मेंढरांपाशी गेली, तर ही मेंढरांत बसून एकेकीचा कान चाचपत होती आणि आपली एकीकडे, चुलत्याची दुसरीकडे ढकलत होती. मेंढरांच्या कानाला खाच पाडून खूण करतात, ज्याची त्याची खाच वेगळी. आईच्या मनात आलं, जी कान वाचते ती हात का वाचणार नाही?

आई रोज शाळा सुटल्यावर जायची. गिरजाक्काचं एक बोट मेंढीच्या कानावर ठेवायची आणि तळहातावर 'कान' लिहायची. पोरगी चावायची. आईच्या अंगठ्यावर अजून दाताची खूण आहे, ती पाहुण्यांना दागिना दाखवावा तशी दाखवते. बरेच महिने असे गेले. मग एक दिवस गिरजाक्काने मेंढी सोडली, आईचा कान धरला आणि आईच्या तळहातावर 'कान' लिहिलं. आनंदाने तो कान तिने इतका ओढला की तेव्हापासून तो थोडा लांब दिसतो, असं माझं मत आहे. आई ते मान्य करत नाही.

पुढे आईने तिचा हात स्वतःच्या गळ्यावर, ओठांवर ठेवून तिचं बोलणं परत आणलं. स्वतः ब्रेल शिकली, तिला शिकवली. मधल्या काळात माझा जन्म झाला, हे कुणी विशेष ध्यानात ठेवलेलं दिसत नाही. गिरजाक्का दहावी पास झाली तेव्हा आईने सगळ्या गल्लीत पेढे वाटले. मी पास झाले तेव्हा आई म्हणाली, "गिरजाला गणितात तुझ्यापेक्षा जास्त होते." ज्या घरात आंधळ्या-बहिऱ्या बाईचे गणिताचे मार्क पोटच्या पोरीला ऐकवले जातात, त्या घराचा मी जाहीर निषेध करते.

मला आठवतं तेव्हापासून आईचा उजवा हात तिच्याकडे. जेवताना, टीव्ही बघताना, शेजारणीशी बोलताना आईचं बोट गिरजाक्काच्या तळहातावर चालू. शिरोरेघ न काढता लिहिते, म्हणजे वेळ वाचतो. मी विचारायचे, "काय लिहिलंस?" आई म्हणायची, "आमचं आमच्यात."

गिरजाक्काचं मात्र काहीच तिच्यात राहत नाही. आपला आवाज तिला ऐकू येत नाही, त्यामुळे ती एकाच पट्टीत बोलते आणि ती पट्टी बसस्टँडपर्यंत पोचते. आईचं उत्तर तळहातावर गुपचूप आणि हिचा सवाल गल्लीभर. "बाई, ती समोरची दुसऱ्यांदा नांदायचं सोडून आली म्हनं, खरं हाय का?" समोरची दारातच उभी असते.

आली की पहिलं वाक्य ठरलेलं. "हात आण." आईने हात दिला की ती आधी त्याचा वास घेते आणि चौकशी सुरू होते. "लसूण. खडू. ह्यो साबण कोनाच्या घरचा? पारूकडं गेलतात न्हवं? दिसभर तिच्यासंगं बोलत बसलात आन माझ्यासाठी हात दमला!" मग ती रुसते. आईला तिची समजूत काढावी लागते. माझा वास आला तर विचारूच नका. मी कॉलेजात गेल्यापासून पत्रकं छापते, वाटते. बोटांना शाई असते. "शाई! ती शाईवाली आली वाटतं घरी." मला नाव आहे. तिने ते कधी घेतलं नाही.

मी अपंगांच्या ज्या हक्कांसाठी भांडते ते तिचे हक्क आहेत. जिंतूरला आम्ही धरणं धरलं, घोषणा माझ्या, पत्रक माझं, मंडप मी उभारलेला. गिरजाक्काला व्यासपीठावर बसवलं, हातात माईक दिला, आईने तळहातावर लिहिलं, 'बोल.' ती बोलली. "ह्या पोरीनं माझ्या बाईला सकाळधरनं उन्हात बशिवलंय! चहा बी दिला न्हाई! आदी बाईला चहा द्या!" टाळ्यांचा कडकडाट. पेपरात फोटो आला. आई, गिरजाक्का आणि चहाचा कप. मीही त्यात आहे. माझं कोपर दिसतं.

यंदा आई ओट्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. बोटांपासून कोपरापर्यंत प्लॅस्टर. मला वाईट वाटलं, हे नोंदवते. पण तो हात आता कुणाचाच नव्हता आणि आई माझ्या हातून जेवणार होती, हेही नोंदवते.

गिरजाक्का आली. "हात आण." तिच्या हाती प्लॅस्टर आलं. तिने ते वरून खालपर्यंत चाचपलं, शेवटी वास घेतला. आईने डाव्या हाताने लिहून पाहिलं. "बाई, ह्ये काय? कोंबडी नाचल्यावानी लागायलंय." मग आई मला म्हणाली, "तू लिही. मी सांगते ते. सांग तिला, दुखत नाही."

मी लिहिलं, 'हात सुरक्षित असून चिंतेचे कोणतेही कारण नाही.'

गिरजाक्काने हात झटकून काढला. "ह्ये बाईचं बोलनं न्हाई! ह्ये पत्रक हाय! बाईचं काय ते सांग, तुजं नको." गल्ली हसली. मी दात-ओठ खात लिहिलं, 'दुखत नाही.' तिने जरा विचार केला. "खोटं बोलायल्या बाई. पर बोलनं त्यांचंच हाय."

तेव्हापासून मी रोज आईचं बोलणं तिच्या हातावर लिहायचे. ती ऐकायची, म्हणजे वाचायची, चुका काढायची आणि संध्याकाळी मोकळ्या हाताने घरी जायची. मूठ मिटायची नाही. माझ्या बोटाने लिहिलेला शब्द तिला घरी न्यायचा नव्हता. दिवसभर राबायचं मी आणि हिने जाताना हात झाडायचा!

परवा दुपारी आई आत झोपली होती. मी ओट्यावर पत्रकांच्या घड्या घालत होते. गिरजाक्का आली, काठी टेकवून शेजारी बसली.

"हात आण."

"आई झोपलीय," मी बोलून गेले. उपयोग नव्हता. हात पुढे केला. तिने वास घेतला. "शाई," म्हणाली, पण हात सोडला नाही. मग तिने आवाज बारीक केला. तिचा बारीक आवाज, तीन घरांपर्यंत जाणारा.

"शाईवाले, बाई म्हाताऱ्या व्हायल्या. येक दिस त्या जातील. तवा मला कोन सांगल? मी हितं येऊन बसंन, हात आण म्हनंन, हात यायचाच न्हाई. भवतालची मानसं रडायलेत का हासायलेत, मला काय कळतंय? मी तशीच बसून ऱ्हाईन. मला कोन सांगल गं?"

समोरच्या काकूंनी धुणं बडवायचं थांबवलं.

माझ्याकडे कुठल्याही प्रश्नावर पानभर मजकूर तयार असतो. मी तिचा तळहात उघडला आणि लिहिलं, 'मी.'

ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. माझी तिला तशी सवय होती.

"येवढंच?"

मी परत तेच लिहिलं.

गिरजाक्काने मूठ मिटली. काठी शोधली आणि उठून गेली. गल्लीच्या टोकाला भज्यांच्या गाडीवाल्याने भजं पुढे करत तिच्या खांद्याला हात लावला, तर तिने नुसतं तोंड पुढे केलं.

आतून आईचा आवाज आला. "जागीच होते मी. तिचं ऐकलं सगळं. तू काय लिहिलंस गं?"

"आमचं आमच्यात," मी म्हटलं.

मग प्लॅस्टर पलंगाच्या कडेवर आपटल्याचा आवाज झाला. आई रुसली होती.