किलोभर गाजरांची तटबंदी

विष धुराचं असो की थिनरचं, आपल्या किसणीपुढं त्याची डाळ शिजणार नाही, हे सासूबाईंनी ठरवूनच टाकलं होतं!

त्यांची सून लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंगाचा फवारा मारायची. घरी आली की वेणीलासुद्धा थिनरचा वास! येत्या तपासणीत डॉक्टरांनी ‘ठणठणीत’ असा शेरा मारला, की ती रंगखात्याची मुकादम होणार होती. त्यातच वाण्याच्या पुडीचा एक कागद सासूबाईंच्या हाती लागला. अक्षराअक्षरावर बोट ठेवत त्यांनी वाचला: ‘गाजरातलं नैसर्गिक द्रव्य विषारी वायूंपासून शरीराचं रक्षण करतं. रोज एक...’ पुढं कागद फाटलेला!

“एक गाजर असेल,” सासरे म्हणाले.

“एक गाजर सशाला! माणसाला किलोच लागणार. तुम्ही गप्प बसा.”

झालं! दोन महिने रोज किलोभर गाजरांचा रस.

“आई, पोटात नुसतं डुचमळतंय हो!”

“डुचमळू दे. विष बुडायला नको? आणि ही किटली ने तुझ्या चौघी जोडीदारणींना. त्या काय लोखंडाच्या आहेत?”

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी सुनेचे तळवे पाहिले. पिकल्या लिंबासारखे पिवळे! दुसरीचे तसेच. तिसरीचेही. पाचवीचं तर नाकसुद्धा पिवळं!

“कावीळ! थिनरनं पाचही जणींची यकृतं खाल्ली!” डॉक्टर ओरडले.

रंगखान्याला कुलूप. मालकाला दरदरून घाम. धूर बाहेर ओढायचा, तीन वर्षं मेल्यासारखा पडलेला पंखा दुपारच्या आत गरगरू लागला! मुकादमकी राहिली बाजूला, सुनेची नोकरीच जायची वेळ आली.

कळल्याबरोबर सासूबाई किटलीसकट दवाखान्यात घुसल्या.

“डॉक्टर, आधी चष्मा पुसा! माझ्या सुनेच्या अंगात विष शिरायला जागा आहे कुठं? आत रोज किलोभर गाजर असतं!”

डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. “किती?”

“किलो. माणशी.”

डॉक्टरांनी सुनेची पापणी खाली ओढली. डोळा स्वच्छ पांढरा! काविळीत डोळे आधी पिवळे होतात. गाजराचा रंग नुसता कातडीवर चढतो. दुसऱ्या दिवशी पाचही जणींच्या रक्ताचे अहवाल चोख आले. ‘ठणठणीत. गाजर ताबडतोब बंद,’ असा शेरा पडला आणि सून मुकादम झाली.

“बघितलात ना माझ्या गाजरांचा गुण?” सासूबाई डॉक्टरांना ऐकवायला पुन्हा हजर!

“गुणाचं माहीत नाही, आजी. पण गाजरांच्या पिवळ्या रंगाच्या धसक्यानं मालकाचा पंखा सुरू झाला, हे खरं,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांची नजर सासूबाईंच्या तळव्यांवर गेली. पिवळेपणाचा मागमूस नाही! “तुम्ही नाही घेत हा रस?”

सासूबाईंनी दाराकडं बघून घेतलं. सून बाहेर होती.

“मी? छे हो! मेल्या गाजराच्या वासानंच मला मळमळतं.”