पुढच्या डाव्या चाकातला आवाज

चौथ्या दिवशी सकाळी ट्रक अंगणात गुडघे टेकून बसल्यासारखा दिसत होता. पुढचा भाग लाकडी ठोकळ्यांवर, मागची चाके जमिनीवर, आणि भोवती एखाद्या लांबलेल्या विरहातून उरलेल्या पत्रांसारखे पसरलेले त्याचे अवयव: पाट्यांची जुडी, शॉकअप, बेअरिंग, किंगपिन आणि ग्रीसने माखलेले असंख्य नटबोल्ट. ट्रकखालून दोन पाय बाहेर आले होते. ते कानसेन मिस्त्रीचे होते.

"उस्ताद, येतोय का अजून?" सारथीने वाकून ओरडून विचारले.

ट्रकखालून एक हात बाहेर आला आणि त्याची दोन बोटे वर झाली. एक बोट म्हणजे आवाज गेला. दोन म्हणजे आहे. सारथी मटकन खाली बसला.

सव्वीस वर्षे हाच एक ट्रक चालवल्यामुळे गल्लीने त्याला सारथी हे नाव दिले होते. बायको ट्रकला थोरली म्हणत असे, कारण लग्नाच्या वेळी तो आधीच दारात उभा होता. उद्या सकाळी अकराला ट्रकचे पासिंग होते. तपासनिसाने नापास केले की ट्रक थेट भंगारात, आणि सारथी मेहुण्याच्या गोदामाच्या फाटकावर, खुर्चीत. काम एकच: इतरांचे ट्रक आत येताना आणि बाहेर जाताना पाहत राहायचे. त्या खुर्चीच्या नुसत्या विचाराने त्याचे हात हवेत स्टिअरिंग शोधू लागत.

"मी भावाला शब्द देऊन ठेवलाय," बायको म्हणाली होती. "पास झाला तर तुमची थोरली तुम्हाला लखलाभ. नाही झाला तर सोमवारपासून खुर्ची. मी आता मध्ये बोलणार नाही."

त्यानंतर ती रोज मध्ये बोलत होती.

खरे तर आवाज पहिल्याच दिवशी सापडला होता. डावीकडे वळताना पुढच्या चाकापाशी टक् टक् व्हायचे. कानसेनने तासाभरात पाटे अडकवणाऱ्या शॅकलचा झिजलेला बुश शोधला आणि बदलला. सारथीने गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारली. ट्रक पहाटेच्या तळ्यासारखा निःशब्द होता. पण कानसेनचा एक दंडक होता. चाळीस वर्षे लोखंडावर घण घालून त्याचे कान जवळजवळ निकामी झाले होते. तेव्हापासून तो लांब पेचकसाचे टोक यंत्राला टेकवून मूठ दातांत धरायचा, आणि लोखंडाचे अंतःकरण त्याच्या जबड्यात उमटायचे. या शेवटच्या चाव्याशिवाय त्याने आजवर एकही गाडी हातावेगळी केली नव्हती.

त्याने चावा घेतला, डोळे मिटले, आणि दोन बोटे वर केली.

"काही येत नाहीये हो," बायको म्हणाली.

"वहिनी, कान लबाड असतात. वरवरचं ऐकतात. दाताला खोटं बोलता येत नाही."

मग पाटे उतरले. पाटे बदलले, तरी दोन बोटे. बेअरिंग बदलले, दोन बोटे. किंगपिन काढताना कानसेनने तिला एवढ्या शिव्या घातल्या की शेजारणीने खिडकी लावून घेतली, आणि तरीही दोन बोटे. तिसऱ्या दिवसापर्यंत सारथीलाही आवाज येऊ लागला. जेवताना येई, आंघोळ करताना येई. चाके काढून भिंतीला टेकवलेली असतानाही त्याला तो स्पष्ट ऐकू आला, तेव्हा मात्र बायकोने पोळपाट बाजूला ठेवून त्याच्याकडे नीट पाहिले.

"अहो, चाकं तिथं आहेत. ट्रक इथं आहे. आवाज कुठून येणार?"

"अगं, तेच तर कोडं आहे!" सारथी कळवळून म्हणाला.

आता चौथ्या दिवशी, काढण्यासारखे काहीच उरले नसताना, कानसेन ट्रकखालून सरपटत बाहेर आला. चेहऱ्यावर, रोग हाती लागत नसलेल्या वैद्याची उदासी होती.

"उस्ताद, आता काय काढायचं?"

"आता एकच राहिलंय. पुढचं सगळं तसंच ठेवायचं आणि मागचा ट्रक बदलायचा."

सारथीने मान डोलावली. त्याला ते पटले, हे पाहून बायको हात पुसत अंगणात उतरली.

"उस्ताद, तो पेचकस जरा आमच्या दाराच्या चौकटीला लावा बघू."

"चौकटीला?" कानसेन हसला. पण वहिनीचा शब्द मोडायची त्याची रीत नव्हती. त्याने टोक चौकटीला टेकवले, मूठ चावली आणि डोळे मिटले. हळूहळू त्याच्या कपाळावर आठ्या उमटल्या.

"वहिनी, वाईट बातमी आहे. चौकटीचा बुश गेलाय."

"भिंतीला लावा."

त्याने भिंतीला लावला. मग खांबाला, पाण्याच्या टाकीला, शेवटी अंगणातल्या दगडाला. प्रत्येक ठिकाणी तो अधिकाधिक गंभीर होत गेला.

"घर तपासून घ्या," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पुढची डावी बाजू."

"अगं, घर!" सारथी धसकून उठला. "छताला काही झालं तर? सामान तरी बाहेर काढू या!"

"बसा खाली. उस्ताद, हे दात कधी बसवले?"

"दात? महिना होईल. झकास आहेत. खालची कवळी तेवढी थोडी सैल आहे. चावलं की हलते."

तेवढ्यात कानसेनची कवळी, आपोआप, एकदा वाजली: टक्. सारथीने ट्रककडे पाहिले, विखुरलेल्या अवयवांकडे पाहिले, आणि त्याला आठवले की पहिल्या दिवशी तासाभरातच सगळे संपले होते.

"म्हणजे चार दिवस आपण तुमच्या जबड्याचं निदान करत होतो?"

"निदान अचूक होतं," कानसेन दुखावून म्हणाला. "रोगी चुकला."

त्या दिवशी तिघेही जेवले नाहीत. बायको नटबोल्ट आणि पाने हातात देत होती, सारथी आवळत होता, कानसेन कवळी खिशात घालून बोटांनी निर्देश करत होता. दिवस मावळेपर्यंत ट्रक पुन्हा चार चाकांवर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पासिंगच्या मैदानावर बायकोही आली. निकाल भावाला तिनेच कळवायचा होता. तपासनीस साहेबांनी ट्रक पुढे नेला, मागे नेला, डावीकडे वळवला. उतरून त्यांनी पुढच्या चाकाशी कान लावला आणि त्यांची भुवई चढली.

"आवाज नाही."

"नाही साहेब!" सारथीला भरून आले.

"मग पंचाईत आहे. हा सतरावा रकाना बघा. 'समोरील आवाजाचे स्वरूप.' वीस वर्षांवरच्या गाडीला हा रिकामा ठेवता येत नाही. मागे एकदा 'नाही' लिहिलं, तर वरून विचारणा आली की तपासताना वाहन चालू होते काय."

"मग काहीतरी लिहा ना साहेब, थोडासा टक् टक्."

"आवाज लिहिला की कारण लिहावं लागतं. चाक लिहिलं की दुरुस्ती आली, दुरुस्ती आली की फेरतपासणी, आणि फेरतपासणी या वयाच्या गाडीला मिळत नाही. सरळ भंगार." साहेबांचा स्वर खराखुरा हळहळला. "गाडी एवढी चांगली ठेवायला नको होती तुम्ही."

मैदानाच्या टोकाला कोणीतरी लोखंडी खुर्ची उन्हात टाकून ठेवली होती; सारथीची नजर तिच्यावरच खिळली. बायकोने ती नजर पाहिली. मग तिने पदर खोचला.

"लिहा साहेब. आवाज आहे. समोरून येतो, उजव्या बाजूने."

"उजव्या? तिथं तर चालक बसतो."

"तोच. गाडी सुरू झाली की सुरू होतो. रस्ता, हवा, बेअरिंग, माझा भाऊ, सगळ्यावर बोलतो."

साहेबांनी सारथीकडे पाहिले, मग रकान्याकडे, आणि पेनचे टोपण काढले. "कारण?"

"वय."

"दुरुस्ती केली होती?"

"पंचवीस वर्षं करतेय. गुण नाही."

साहेब गंभीरपणे लिहीत गेले. चाकाचे नाव कुठेही आले नव्हते, म्हणून फेरतपासणीचा रकाना त्यांनी आडव्या रेघेने बंद केला. फक्त शेवटच्या ओळीपाशी ते थबकले. "सदर आवाज वाहनातच राहू द्यावा की काढून टाकावा, एवढं सांगा."

बायकोने एकदा सारथीकडे पाहिले.

"वाहनातच राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "काढला तर घरी येईल."