आधी नाकाला इचारा

गणपा हवालदार पाणीसुद्धा हुंगल्याशिवाय पीत नसे. तांब्या हातात आला की आधी नाक आत, डोळे मिटलेले, आणि मग निकाल: "पाटलाच्या इहिरीचं. बादली घासल्याली न्हाई." नुसतं पाणीच नव्हे, भाकरी, चहा, तंबाखू, नवं धोतर, सरकारी कागद, सगळं आधी नाकाशी जायचं. मी त्या गावात मास्तर म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्यानं माझा हात हातात घेतला. मला वाटलं, रामराम करतोय. तर गृहस्थानं तो हुंगला आणि म्हणाला, "आष्ट्याकडचं व्हय? गुळाचा वास येतोय." मी आष्ट्याचाच. गुळाची ढेप नुकतीच बोचक्यातून काढून ठेवली होती.

"आधी नाकाला इचारा, मास्तर," तो म्हणाला. "तोंड लय लबाड असतंय. गोड मिळालं की कुणाचंबी हुतंय."

हे वाक्य पुढं मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हणू शकलो असतो. हवालदाराबद्दल लिहायचं पुष्कळ वर्षं टाळलं, कारण त्याच्याबद्दल लिहायला बसलं की शेवटी माझ्याबद्दल लिहावं लागतं, आणि तो भाग काही छान नाही.

गाव औंधाच्या पलीकडं, माळावर. कुसळं, दगड आणि मेंढरं. घरटी एक माणूस पलटणीत. गणपाही पहिल्या लढाईत लामावर, म्हणजे आघाडीवर, गेलेला. फ्रान्सात त्याच्या पायात गोळी घुसली आणि बरं होण्यासाठी त्याला दक्षिणेकडं, समुद्राच्या बाजूला पाठवलं. तिथल्या खेड्यात द्राक्षं पिकून लोंबत होती आणि तोडायला एक पुरुषमाणूस शिल्लक नव्हता, सगळे लढाईवर. मग ज्यांच्या जखमा भरत आल्या होत्या अशा आपल्या शिपायांना साहेबानं द्राक्षं तोडायला धाडलं. गणपा एका विधवेच्या मळ्यात गेला. मळा केवढा, तर आपल्या चावडीपुढच्या पटांगणाएवढा. तिचं नाव त्याला घेता येत नसे. तो तिला मादाम म्हणायचा, आणि म्हणताना टोपी सरळ करायचा.

त्या मादामनं त्याला नाक दिलं, म्हणजे हुंगून पारखायला शिकवलं. तिच्या शेतात सगळं चंद्र बघून चाले: छाटणी कधी, दारू पिंपातून काढायची कधी, खत घालायचं कधी. निघताना तिनं त्याला द्राक्षाच्या बारा काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या आणि एक हिरवी, जाड, बुडाशी खळगा असलेली रिकामी बाटली. बोटीवर पिण्याचं पाणी मोजून मिळे. हवालदारानं त्यातलं निम्मं काड्यांना पाजलं. मुंबईला उतरेपर्यंत अकरा वाळल्या, एक जगली. त्या एकीच्या कलमांवर त्यानं माळावर वीस-बावीस वेल उभे केले.

त्यातून तो जे करायचा त्याला दारू म्हटलेलं त्याला खपत नसे. "व्हँ म्हना," तो सांगायचा; वाइनला मादामच्या भाषेत तसं म्हणत. गावाला हा शब्द म्हणजे म्हसरानं हंबरल्यासारखा वाटे. "दारू मानसाला पाडती," तो म्हणायचा, "व्हँ मानसाला बसवती."

पण खरी गंमत पुढंच आहे. लामावरून घरी आला त्याच दिवशी, पोरगं फिरंग्यांत राहून बाटलंबिटलं असेल या भीतीनं, आईनं त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळकऱ्याला थेंब वर्ज्य. तेव्हा या बाबानं पंचवीस वर्षं व्हँ केली आणि जिभेला एकदाही लावली नाही. नुसती हुंगायची. आणि तरी अख्ख्या गावाच्या लेखी तो पक्का दारुड्या. मी एकदा म्हटलं, हवालदार, माळ उतरवून ठेवा घटकाभर, चव घ्या आणि परत घाला. त्यावर तो माझ्याशी चार दिवस बोलला नाही.

द्राक्षाची छाटणी तो अवसेला करायचा. गाव त्या दिवशी बैल जुंपत नाही, नवं काम काढत नाही, आणि हा कात्री घेऊन हजर. त्याहून मोठा घोटाळा शिंगाचा. त्याचा सर्ज्या बैल मेला, तर यानं त्याच्या शिंगात ताजं शेण भरलं आणि बांधाशेजारी पुरून ठेवलं. पावसाळ्यानंतर काढायचं, पाण्यात कालवायचं आणि वेलांवर शिंपडायचं. ही युक्ती मादामनं सांगितली होती की त्यानं स्वतः काढली, देव जाणे. शेजारच्या शेतकऱ्याच्या कुळवाला ते शिंग लागलं. बांधावर शेणानं भरलेलं शिंग म्हणजे करणीच! देवऋषी आला, नारळ फुटला, कोंबडं कापलं. हवालदार गर्दीत उभा राहून सगळं बघत होता. शेवटी पुढं झाला, देवऋष्याच्या हातातलं शिंग घेऊन हुंगलं आणि म्हणाला, "आजून पिकलं न्हाई. परत पुरा."

लग्न त्यानं केलं नाही. म्हणजे आईनं तीन स्थळं दाखवली. तिन्ही ठिकाणी यानं पुढं आलेलं पाणी हुंगलं, तांब्या खाली ठेवला आणि उठला. घराचा वास बरा नाही म्हणे! लोक हसले, आई रडली. मीही हा किस्सा रंगवून रंगवून सांगत असे. आता नाही सांगत.

व्हँ मात्र दरसाल बिघडायची. गुऱ्हाळातली एक फुटकी काहील सांधून तो तीत द्राक्षं पायानं तुडवायचा, रस रांजणात भरायचा, आणि आपल्या उन्हाळ्यानं त्याचा आंबटढाण शिरका व्हायचा. बायका तो मागून न्यायच्या. त्या काळात सातारा-सांगलीत आमच्या गावाइतकी लखलखीत तांब्याची भांडी कुठं नव्हती. हवालदार रांजणाशी वाकायचा, हुंगायचा, "न्हाई जमलं," म्हणायचा आणि रांजण बायकांच्या हवाली करायचा. पंचवीस वेळा.

मग स्वराज्य आलं त्या साली गारांनी मांडव झोडपला. उरले चार-सहा घोस. रस निघाला जेमतेम बाटलीभर. एवढ्यासाठी रांजण कशाला, म्हणून त्यानं तो लहान मडक्यात घातला आणि विहिरीच्या आतल्या कोनाड्यात, पाण्यापासून वीतभर वर, ठेवून दिला. पावसाळा संपल्यावर त्यानं मला बोलावलं. मडक्यावरचं फडकं काढलं.

मी वाकलो आणि म्हणालो, द्राक्षाचा वास येतोय.

त्यानं माझ्याकडं नापास पोराकडं बघावं तसं बघितलं. मग स्वतः वाकला. बराच वेळ वर आला नाही. "तापल्याला दगुड," तो आतूनच म्हणाला. "बाभळीची साल. जरासं जांभूळ. आन्..." तिथं थांबला.

"आन् काय?"

"काय न्हाई," म्हणाला, आणि फडकं बांधलं.

मादामनं दिलेली बाटली एकोणतीस-तीस वर्षं रिकामी होती. ती त्यानं त्या दिवशी भरली. बुचाच्या झाडाची साल तासून तोंडाला बसवली, वर मेण ओतलं. आता एकच काम उरलं होतं: बाटली मादामकडं जायला हवी. जमलं का, हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं. दोन लढायांच्या धामधुमीत पत्रव्यवहार कुठला, ती जिवंत आहे का याचाही पत्ता नाही. मी तसं सुचवलं तर म्हणाला, "म्हातारी झाली आसंल. नाक म्हातारं हुत न्हाई." त्याचा पलटणीतला जुना साहेब पुण्यात होता, सामान आवरून विलायतेला चालला होता, आणि त्याची बोट वाटेत फ्रान्सला लागणार होती. साहेबाला मी इंग्रजीत पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं: बोटीची तारीख ठरली की कळवतो, बाटली घेऊन ये, मी स्वतः पोचती करीन.

नेमकी तेव्हाच दारूबंदी आली. कुणीतरी चुगली केली आणि दोन शिपाई हवालदाराच्या घरी झडतीला आले. त्यांना मागल्या सालचा रांजणभर शिरका सापडला. पुरावा तपासायचा म्हणून दोघांनी एकेक पेला घेतला, आणि तोंडं वेडीवाकडी करत विहिरीकडं धावले. बाटली मात्र तेवढ्यात त्यानं धोतरात लपवली होती. तशीच घेऊन तो माझ्या घरी आला.

"तुमच्या घरात कोन बघतंय, मास्तर? तुमी सरकारी मानूस."

मी ती ज्वारीच्या कणगीत खोल पुरली. "हवालदार, निर्धास्त राहा," मी म्हणालो. छातीवर हातसुद्धा ठेवला होता, चांगलं आठवतंय.

पंधरा दिवस गेले. एका दुपारी पाटलाचा निरोप आला की फौजदारसाहेब गावात येताहेत आणि मास्तरांकडं चहाला येतील. झालं. फौजदार माझ्याकडं कशाला येईल? बातमी फुटली असणार. नोकरी जाणार, अब्रू जाणार, आष्ट्याला तोंड कसं दाखवू? बायको म्हणाली, अहो, कणगीत कोण हात घालतंय. मी तिच्यावर ओरडलो. बाटली काढली, परसात गेलो, कढीलिंबाच्या आळ्यात सगळी ओतली, वरून घागरभर पाणी सोडलं. बाटली राखेनं घासून फळीवर उपडी ठेवली.

फौजदार आला. त्याला आमच्या गावात खिल्लारी खोंड बघायचं होतं. खोंड बघितलं, माझ्याकडं दोन कप चहा घेतला, पावसाच्या आणि चाऱ्याच्या गप्पा मारल्या. त्याला सडकून सर्दी झाली होती. दर दोन वाक्यांनी नाक शिंकरत होता. बाटली त्याच्या पुढ्यात फोडली असती तरी त्याला पत्ता लागला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार दारात. कडक इस्त्रीचा जुना खाकी कोट, छातीला पदक, हातात साहेबाचं कार्ड. उद्या लोणंदला गाडी धरायची होती. "काढा, मास्तर," म्हणाला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

मी सांगितलं, मांजरानं पाडली. लहान पोरगंही याहून बरं खोटं बोललं असतं.

"कुटं?"

"इथंच. परसात."

तो परसात गेला. मी मागून. तो कढीलिंबापाशी आला, कोटाची पर्वा न करता गुडघ्यावर बसला, आळ्यातली ओली माती चिमटीत धरली आणि नाकाशी नेली. डोळे मिटलेले. मला वाटलं, आता हा शिव्या देईल, आणि देवा, शपथेवर सांगतो, मी त्या शिव्यांची वाट बघत होतो.

"मांजर लय शानं हाय तुमचं," तो म्हणाला. "बराबर आळ्यात सांडलंय."

मग मी सगळं सांगितलं. पाटलाचा निरोप, फौजदार, खोंड, सर्दी. तो माती हुंगतच होता.

"चांगली झाली हुती, मास्तर," शेवटी म्हणाला.

त्यानं बाटली मागितली. तोंड हुंगलं, राखेचा वास आला असणार, नाक मुरडलं. मग तिथंच मांडी घालून बसला आणि आळ्यातली माती चिमटी चिमटीनं बाटलीत भरू लागला. निमुळत्या तोंडातून ती जाईना; काडीनं ढोसून ढोसून घालत होता. मी मदतीला हात पुढं केला तर त्यानं नुसतं कोपरानं बाजूला सारलं. बाटली भरायला तासभर लागला. बूच लावलं.

"माती पाठवणार?" मी विचारलं.

"तिला नाक हाय," तो म्हणाला. "कागुद घ्या. इंग्रजीत लिवा. सायेब तिला वाचून दावंल."

मी कागद घेतला. तो ताठ उभा राहून सांगू लागला, जसा साहेबापुढं राहत असेल. मादामला रामराम. एक येल जगला. तुमी सांगितल्यालं समदं केलं. पंचवीस साल न्हाई जमलं, औंदा जमलं. बाटलीत माती हाय, ती हुंगा, म्हंजी कळंल. व्हँ सांडली. माझ्या हातनं सांडली.

मी लेखणी थांबवली. म्हणालो, हवालदार, असं कसं लिहू? मी सांडली. माझं नाव घाला.

"तुमचं नाव कशाला, मास्तर? तुमी तिला परकं." त्यानं टोपी सरळ केली. "परक्यानं सांडली म्हनलं तर तिला लय वाईट वाटंल. माझ्या हातनं सांडली म्हनलं तर हासंल. तवाबी हासायची. रोज कायतरी सांडायचो मी."

आणि मी ते लिहिलं. माझं अक्षर जिल्ह्यात वाखाणलेलं. त्या पत्रात तर ते फारच सुरेख आलं होतं.