चॅम्पियन, किती वाजले?

आमच्या ऑफिसच्या कॅरम टीमचे राखीव खेळाडू सोनवणे मॅच चालू असताना बोर्डाकडे बघतच नसत. ते टेबलाखाली बघत, खेळणाऱ्याच्या पायांकडे.

"हाताचं बोट थापा मारतं," ते म्हणत, "पायाचा अंगठा नाही मारत."

आम्ही चपला काढून खेळायचो. दडपण आलं की माणूस पायाचा अंगठा आत वळवतो, असा सोनवण्यांचा शोध होता. वळलेला अंगठा दिसला की ते मागून मोठ्यानं विचारत, "चॅम्पियन, किती वाजले?" टीममधला प्रत्येक जण त्यांच्या लेखी चॅम्पियन. स्वतः आठ वर्षांत एकही मॅच खेळलेले नव्हते.

एकदा घोटीच्या स्पर्धेत आमच्या टीममधला दातीर हरत आला होता. झालं, सोनवण्यांनी वेळ विचारली. पंच खवळले. "अहो, तुमच्या हातात घड्याळ आहे की!"

"ते माझं झालं. मी याचं विचारतोय."

दातीर हसला, मनगट वळवून "सव्वापाच" म्हणाला आणि पुढच्या चार सोंगट्या एका दमात घेतल्या.

मॅचआधी तिघा खेळाडूंनी एकाच किटलीतला चहा एकदमच प्यायचा, हाही त्यांचाच नियम. शेवाळे बशीत ओतून, फुंकून फुंकून प्यायचा. तोवर दातीर आणि मी कप धरून ताटकळायचो.

मला हे सगळं पोरकट वाटे. कॅरम हा एकट्याचा खेळ, असं माझं ठाम मत होतं. आपलं बोट, आपला स्ट्रायकर, मध्ये टीम कुठून आली? मी टीमचा पहिला नंबर होतो. बोटाचा मला इतका अभिमान, की भाजी चिरतानाही ते जपावं, असं मी म्हणे. भाजी बायको चिरायची, हा भाग वेगळा.

मग एका वर्षी आम्ही फायनलला पोचलो. मॅच मनमाडला होती. आदल्या दिवशी मी सोनवण्यांना गाठलं. "उद्या हॉलमध्ये येऊ नका. माझी एकाग्रता मोडते."

"बरं," ते म्हणाले. मग हसले. "पण चॅम्पियन, सुट्टीच्या दिवशी खोलीवर बसून मी करू काय? भिंतीला वेळ विचारू?"

मीही हसलो. मला तो विनोद वाटला.

फायनलमध्ये दातीर जिंकला, शेवाळे हरला. शिल्ड माझ्या मॅचवर आली. शेवटच्या बोर्डला मी राणी घेतली. राणीपाठोपाठ आपली एक सोंगटी घेतली की राणी पक्की होते, त्याला कव्हर म्हणतात. माझी तेवढी एकच सोंगटी उरली होती आणि ती भोकासमोर बसली होती. शेंबड्या पोरानंही घेतली असती. माझी हुकली. शिल्ड गेली.

बाहेर आलो, तर व्हरांड्यात बाकावर सोनवणे! शेजारी किटली आणि कप. आमची तोंडं बघून त्यांनी निकाल विचारलाच नाही. "चला, एकदमच प्या," म्हणाले. शेवाळेनं त्या दिवशी फुंकर घातली नाही. चहा थंडच होता.

परतीच्या पॅसेंजरमध्ये ते माझ्याजवळ सरकले. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी आत आलो नाही हं. पण हॉलचं ते स्प्रिंगचं दार अर्धंच होतं. बाकावरून खालचे पाय तेवढे दिसायचे. कव्हरच्या वेळी तुमचा डावा अंगठा पार वळला होता. मी बाहेरून वेळ विचारली. आवाज पोचला नाही वाटतं."

"नाही हो," मी म्हणालो. "एवढ्या गर्दीत काय ऐकू येणार?"

"माझंच चुकलं," ते हळहळले. "जरा मोठ्यानं विचारायला हवं होतं."

गर्दी कसली? कव्हर मारताना हॉल चिडीचूप होता. आवाज मला स्वच्छ ऐकू आला होता. मी मुद्दामच घड्याळाकडे पाहिलं नाही.