आणखी एक पीळ

स्क्रूचं डोकं ‘टक्’ करून तुटलं आणि वेंडेलच्या तळहातावर येऊन पडलं. तिळाएवढं. स्वतःचाच दात हातात यावा तसा तो त्याच्याकडे बघत राहिला.

पिस्तूल बायकोचं, डार्लाचं होतं. उद्या त्यांच्या मोंटानातल्या गावच्या क्लबात नेमबाजीची स्पर्धा. बक्षीस, डुकराची अख्खी मांडी. गेल्या वर्षी ती डार्लाच्या हातून एका गोळीनं निसटली आणि गेली कुणाकडे, तर तिच्या सख्ख्या धाकट्या भावाकडे. म्हणून यंदा तिनं पिस्तुलावर नेम धरायची, लाल ठिपक्याची छोटी दुर्बीण बसवली होती. आता ती केस कापायला गेली होती. जन्मभर ट्रकची चाकं आवळलेल्या वेंडेलला वाटलं, आपणही हातभार लावावा. त्यानं पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि दुर्बिणीच्या स्क्रूला एक पीळ जास्तीचा दिला.

त्याची हाक ऐकून कुंपणापलीकडून मेव्हणा ऑर्विल, म्हणजे तोच धाकटा भाऊ, धावत आला.

"दाजी, किती जोर लावलात?"

"बेताचाच."

"तुमचा बेत ट्रकचा! हा स्क्रू दोन बोटांनी पिळायचा असतो."

स्क्रूला डिंक लावलेला असतो, तो तापवला की सुटतो, असं ऑर्विल म्हणाला. त्यानं डाग द्यायची तापलेली कांडी स्क्रूला टेकवली. डिंक सुटला नाही, दुर्बिणीची काच मात्र तडकली.

"आता रे?" वेंडेलनं विचारलं.

"आता मी इथे आलोच नव्हतो."

"ऑर्विल!"

"बरं बरं. ताई हरली तर वर्षभर बोलेल, हे कळलं तर जन्मभर. माझं पिस्तूल याच जातीचं आहे. दुर्बिणीसकट माझा वरचा भाग तिच्या पिस्तुलावर चढवू. मी मारीन जुन्या पद्धतीनं, दुर्बिणीशिवाय."

एवढं मोठं मन ऑर्विलनं आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं. तो घरी जाऊन पेटी घेऊन आला, पिस्तूल रिकामं केलं, दुर्बिणीला हात लावला, आणि दुर्बीण अलगद त्याच्या हातात आली. खाली स्क्रू मोडलेला.



"मी नाही हां," वेंडेल कसाबसा म्हणाला.

ऑर्विलनं नंबर पाहिले. एका पिस्तुलाच्या दोन्ही भागांवर एकच नंबर हवा. वरच्या भागावर एक, खालच्यावर दुसरा. मग टेबलावरचं पिस्तूल उलटून पाहिलं. तिथेही तीच उलटापालट.

"दाजी, हा मोडका भाग ताईचा आहे! तिनंच मोडला, तिच्याकडच्या माझ्या घराच्या किल्लीनं आत शिरली आणि माझा चांगला काढून नेला. तुम्ही मोडलात तो माझा!"

वेंडेलचा चेहरा उजळला. संसारात प्रथमच त्याची बाजू वरचढ होती. दारात डार्ला दिसताच त्यानं दोन्ही मोडके भाग पुढे सरकवले.

"बोल आता."

डार्ला खुर्ची ओढून बसली. मोडक्या भागांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"म्हणजे ऑर्विलचा तू मोडलास?"

"हो, पण तू..."

"आणि माझा मी?"

"हो."

"सुटले बाई!" तिनं छातीवर हात ठेवला. "भावाला काय तोंड दाखवू म्हणून दोन दिवस घास उतरत नव्हता. मी मोडलं ते माझं मोडलं. ऑर्विलचं तू भरून दे."

"बरोबर आहे," ऑर्विल लगेच म्हणाला.

वेंडेलनं खिशातून पाकीट काढलं.

"आणि तुझं जुनं पिस्तूल काढ," डार्ला उठत नवऱ्याला म्हणाली. "उद्या तेच नेते. त्याला दुर्बीण नाही, म्हणजे तू काही सुधारलेलं नसशील."