दहापैकी दहा

सहा मजली मुख्य कार्यालयात येणारा प्रत्येक अर्ज आधी चौथ्या मजल्यावर, भाषा तपासनिसांकडे जाई. ज्याला चार ओळी धड लिहिता येत नाहीत त्याला अक्कल ती काय असणार, हे कार्यालयाचं मंजूर धोरण होतं. तपासनीस अर्जाला दहापैकी गुण देत. सातच्या खाली गुण पडले की अर्जदार अल्पमती ठरे आणि अर्ज परत जाई. मजकूर समजून घेणं हे त्यांचं काम नव्हतं. ते खातं वेगळं होतं. घरीही त्यांचा हाच खाक्या. बायकोने साबणासाठी चिठ्ठी दिली, तर संध्याकाळी साडेपाच गुण देऊन ती परत आणत. साबण मात्र विसरत.

एके दिवशी लिफ्टच्या मेकॅनिकचा अर्ज आला. तपासनिसांनी लाल पेन उघडलं आणि त्यांचा जीव सुखावला. ओळ न् ओळ चुकांनी लगडली होती.

"तीन गुण," ते म्हणाले.

"गुण राहू द्या हो साहेब. लिफ्टचा दोर झिजलाय. दोन तारा तुटल्यात, बाकीच्यांचा काही भरवसा नाही."

"हे तोंडी झालं. तोंडी काय, कोणीही बोलतं."

दुसऱ्या अर्जाला चार गुण पडले. तिसऱ्यालाही चारच पडले, तेव्हा तपासनिसांना त्याची खरोखर कणव आली आणि त्यांनी त्याला महिनाभर लेखनवर्गाला बसवलं. त्या महिन्यात लिफ्टकडे कोणी फिरकलं नाही, पण मेकॅनिकची भाषा अशी काही खुलली की चौथा अर्ज तपासताना तपासनिसांचे डोळे पाणावले. 'सदर दोर आपल्या सेवाकाळाच्या अखेरीस पोहोचला असून, लिफ्टचा वापर तत्काळ थांबवणे अगत्याचे आहे.' दहापैकी दहा!

अर्जाची प्रत लिफ्टशेजारी लावण्यात आली. कर्मचारी ती वाचत, 'वा!' म्हणत आणि लिफ्टमध्ये शिरत. एवढ्या बुद्धिमान माणसाने हात काळे करणं बरं दिसेना, म्हणून मेकॅनिकला तपासनिसांचा सहायक नेमलं गेलं. त्याच्या जुन्या जागेवर दुसरं कोणी आलं नाही.

मूळ अर्ज सहाव्या मजल्यावरच्या मोठ्या साहेबांना दाखवायला तपासनीस स्वतः निघाले. लिफ्टने. मजला सुटतो न सुटतो तोच वर काहीतरी कडाडलं, लिफ्ट हातभर खाली आली आणि लटकली. तपासनिसांची बोबडी वळली. दाराच्या फटीतून ते जिवाच्या आकांताने ओरडू लागले.

"लेखी द्या," बाहेरून सहायक शांतपणे म्हणाला.

त्यांनी घाईघाईत अर्जाच्या पाठीवर चार शब्द खरडले आणि कागद फटीतून बाहेर सरकवला. क्षणात तो परत आला. लाल शाईत अडीच गुण होते.

"अरे बाबा, तुला येते ना ही लिफ्ट दुरुस्त करता!"

"येत होती, साहेब. तेव्हा मी अल्पमती होतो."

वर आणखी एक तार तुटली.

भाषा तपासनिसाची जागा सध्या रिकामी आहे. माणूस लटकत असताना ज्या वाचकांनी इथल्या चुकांखाली मनातल्या मनात रेघा ओढल्या, त्यांना प्राधान्य दिलं जाईल. मुलाखती सहाव्या मजल्यावर होतील. लिफ्ट चालू आहे.