चीत न होणारं दही

बबन वस्ताद सुपरमार्केटमध्ये दही विकत घेण्याआधी त्याला उताणं पाडतात.

फ्रिजमधून डबा काढायचा, डोळ्यांसमोर धरायचा आणि मनगटाच्या एका झटक्यात उलटा करायचा. मग कान लावून ऐकायचं. आत डुबुक झालं, की "चीत!" म्हणून डबा परत जागेवर. आवाज नाही आला, तर "हं, ह्यो टिकंल," म्हणून बाजूला. तोवर फ्रिजचं दार सताड उघडं. त्या गारठ्यात उभं राहून मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं, हा माणूस दही घ्यायला नाही, भांडायला आलाय.

मी मूळची पेठेतली. विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं तरी लगेच बोलायचं नाही, हे आमच्याकडचं वळण. लग्न होऊन हडपसरला आले, तरी ते गेलेलं नाही. पण वस्तादांनीच विचारलं.

"ओ चष्मेवाल्या म्याडम, ह्याच्यावर मुंगीच्या अक्षरात काय लिवलंय, वाचा की जरा. प्रोटीन किती आन् फॅट किती?"

मी वाचलं.

"आन् किंमत?"

तीही वाचली. वस्तादांनी डब्याकडे अशा नजरेने पाहिलं, की डब्यालाच लाज वाटावी. मग शेजारचं सायीसकटचं दही उचलून त्याचीही किंमत वाचायला लावली. ते स्वस्त होतं.

"म्हंजी साय काढली म्हनून जादा पैसं? सायबी त्यानंच ठेवून घेतली आन् पैसंबी?"

मी दोन्ही किमती पुन्हा वाचल्या. त्याच होत्या.

वस्तादांची गावठाणात तालीम आहे. एके काळी तिथे पोरांची रीघ असायची. आता पोरं आरसेवाल्या जिममध्ये जातात आणि तालमीत उरलीत मोजकी चार-पाच. त्यांतली एक पोरगी, प्राजक्ता. बाप टेम्पो चालवतो, आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. प्राजूला निवड चाचणीत त्रेपन्न किलोच्या गटात उतरायचं होतं. निवड झाली, तर सरकारी वसतिगृहात राहणं, खाणं, शिकणं, सगळं फुकट. नाही झाली, तर बारावीनंतर कुठेतरी पॅकिंगच्या कामाला. आणि वजन होतं पंचावन्नच्या पुढे.

"वजन उतरवायचं, पन ताकद उतरू द्यायची नाय," वस्ताद म्हणाले. "उपाशी ठेवून कुनीबी उतरवंल. त्याला वस्ताद कशाला पायजे?"

म्हणून हे दह्याचं प्रकरण. ज्या माणसाचा पिंड तूप, बदाम आणि धारोष्ण दुधावर पोसला, तो दर रविवारी साय काढलेलं दही शोधत होता, आणि माझा चष्मा त्यांच्या दिमतीला होता. एकदा टाय घातलेला सेल्समन ब्लूबेरी घातलेल्या निळ्या दह्याचा डबा घेऊन आला. वस्ताद म्हणाले, "नासलंय का?" मग त्याने ग्रीक योगर्टचा नमुना चमच्यावर पुढे केला. "सर, हे ग्रीस देशाचं दही."

वस्तादांनी चाखलं. डोळे मिटले. उघडले.

"आरं, ह्यो चक्का हाय! माझी आय पाडव्याला खुंटीला टांगायची. निस्ती साखर घालायची राह्यलीय ह्याच्यात. आन् ह्ये ग्रीसवरनं आणलं व्हय?"

त्या दिवसापासून वस्तादांनी डबे सोडले. सगळ्यांत स्वस्त, कमी फॅटच्या दह्याच्या पिशव्या घ्यायच्या आणि चक्का घरी टांगायचा. पिशवीलाही ते उलटी केल्याशिवाय सोडत नसत, पण पिशवी काही चीत होईना, त्यामुळे त्यांची पंचाईत व्हायची.

चक्का कसा करतात ते बघायला मी एकदा तालमीत गेले. खुंट्यांवर ओळीने लंगोट वाळत होते. शेवटच्या लंगोटातून पातेल्यात थेंब थेंब पाणी गळत होतं.

"कोरा हाय, म्याडम!" वस्ताद घाईघाईने म्हणाले. "उकळूनबी घेतलाय. घ्या, चव बगा."

मी म्हटलं, आज चतुर्थी आहे. चतुर्थीला दही चालतं हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. दोघांनीही तो विषय तिथेच सोडला.

या सगळ्यात वस्तादांचा सदरा ढगळ होत चालला होता. मी विचारलं, "वस्ताद, डाएट पोरीचं चाललंय की तुमचं?" तर म्हणाले, "वय झालं." आणि चाचणीच्या आदल्या दिवशी मी त्यांना रंगेहाथ पकडलं. बिलाच्या रांगेत त्यांच्या टोपलीत, कोबीच्या गड्ड्याखाली, जाड सायीच्या दह्याचं मडकं!

"चोरून खाता होय?" मी म्हटलं. वस्ताद लाजून कोबीकडे बघायला लागले. मला फार बरं वाटलं.

"म्याडम," ते रांगेतून बाहेर पडताना म्हणाले, "उद्या येताय का? पोरीचं वजन घेत्यात तितं आत बाईमानूस पायजे. तिच्या आयला सुट्टी नाय."

मी गेले. आतल्या खोलीत प्राजू काट्यावर उभी राहिली आणि आकडा त्रेपन्नच्या जरासा पुढे जाऊन थांबला. चारशे ग्रॅम. मडकंभर दह्याएवढे. बाहेर येऊन मी वस्तादांना सांगितलं.

शेजारच्या तालमीचे एक कोच म्हणाले, "अजून वेळ आहे. प्लॅस्टिकचं जाकीट घालून पळवा, उतरेल." प्राजू बुटांच्या नाड्या बांधायलाही लागली.

"थांब," वस्ताद म्हणाले. "कालपास्नं पानी पिलीस का?"

तिने नकारार्थी मान हलवली. ओठ सुकून पांढरे पडले होते.

वस्तादांनी डबा निरखावा तसा तिचा चेहरा निरखला. मग टेबलाशी जाऊन म्हणाले, "हिचं नाव वरच्या गटात घाला."

"वस्ताद, तिथं मला चीत करतील!" प्राजू रडायलाच लागली.

"करू दे. चीत झालेला पैलवान उठतो. सुकलेला उठत नाय."

आणि पिशवीतून त्यांनी ते मडकं काढलं. वर साखरेची पुडी. कोबीखाली लपवलेलं दही माझ्यासमोर असं बाहेर आलं आणि मला कुठे बघावं ते कळेना.

"तुम्ही पण घ्या ना," प्राजू डोळे पुसत म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काकू, यांनी पण तूपसाखर सोडलंय. रोज संध्याकाळी माझ्याबरोबर तो फिका चक्का आणि भाकरी. म्हणतात, पैलवान खाईल तेच वस्ताद खाईल."

"तू आदी खा," वस्ताद म्हणाले.

वरच्या गटात प्राजू शेवटच्या कुस्तीत गुणांवर हरली, पण पाठ टेकू दिली नाही. पहिल्या दोघींना घेतलं, त्यांत ती दुसरी. पुढच्या आठवड्यात ती वसतिगृहात गेली.

त्या रविवारी मी दही घ्यायला गेले, तर फ्रिजचं दार सताड उघडं. वस्ताद एक डबा उलटा धरून ऐकत होते. खूप वेळ. आवाज येत होता, तरी चीत म्हणत नव्हते.

"आता कुणासाठी?" मी विचारलं.

"कुनासाठी नाय." त्यांनी डबा सुलटा केला. "मंडळी जाऊन लई वरसं झाली. एकट्यानं जेवायची सवय हुती मला, म्याडम. पोरीनं मोडली. आता घास उतरत नाय."

आमच्या पेठेत अशा वेळी काय बोलतात, ते कुणी शिकवलेलं नाही.

"वस्ताद," मी म्हटलं, "आज चतुर्थी नाही. संध्याकाळी आम्ही नवरा-बायको चक्का खायला येऊ का?"

"लंगोटातला?"

"उकळलेला असेल, तर."

वस्तादांनी पिशव्यांच्या कप्प्यात हात घातला, तीन पिशव्या काढल्या आणि सवयीने एकेक करून उलट्या केल्या.